तक्त्यातल्या शेवटच्या तीन ओळी

अकरा वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

मला पत्रं फारशी येत नाहीत. माझ्या नावावर एकच पुस्तक आहे. लोखंडी प्लेट कशी कापावी आणि कापलेली कड कशी तपासावी, यावरचं पंचाण्णव पानांचं. कारखान्याच्या प्रशिक्षण विभागाने त्याच्या पाचशे प्रती छापल्या होत्या, आणि त्यावर आलेलं हे एकमेव पत्र. म्हणजे माझ्या जितक्या वाचकांनी मला लिहिलं, त्या सगळ्यांना मी गप्प बसून उत्तर दिलं असं म्हणायला हरकत नाही.

पत्र एका बाईंचं होतं. दुसऱ्या गावातल्या एका वर्कशॉपमध्ये त्या लेझरने प्लेट कापायचं यंत्र चालवायच्या. अक्षर बारीक आणि सरळ. त्यांनी लिहिलं होतं:

‘आपल्या पुस्तकात एकसष्टाव्या पानावर तक्ता आहे. बारा मिलिमीटरपर्यंतच्या ओळी मी रोज वापरते, त्या अगदी बरोबर आहेत. त्या ओळींत प्लेट जाड होत जाते तसं ऑक्सिजनचं प्रेशर उतरत जातं. पण शेवटच्या तीन ओळींत, सोळा, वीस आणि पंचवीसला, ते एकदम चढतं. असं का? वीसच्या प्लेटला आपण दिलेलं अडीच बार प्रेशर लावलं तर कड खराब येते. मी ते पॉइंट सहावर आणलं तेव्हा कड चांगली आली. दोन्ही कडांचे ठसे सोबत पाठवते आहे. माझं काही चुकत असेल तर कृपया कळवावे.’

ठसे काढण्याची रीत त्यांनी माझ्याच पुस्तकातून घेतली होती. कापलेल्या कडेवर पातळ कागद धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवायची. कडेवरच्या रेघा, खड्डे, सगळं कागदावर उतरतं. मी तीस वर्षं कडा तपासण्याचं काम केलं, आणि प्रत्येक नव्या जॉबचा असा ठसा वहीत लावून ठेवला. लोखंड कपाटात मावत नाही, कागद मावतो.

त्यांच्या पहिल्या ठशात खालच्या अर्ध्या भागात उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे होते. दुसरा ठसा स्वच्छ होता, वरपासून खालपर्यंत बारीक उभ्या रेघांचा. सोबत तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं एक रिकामं पाकीटही त्यांनी घातलं होतं, मला तसदी नको म्हणून.

उत्तर मला अर्धा कप चहा संपायच्या आत कळलं होतं. त्या तीन ओळी मी करून न पाहता लिहिल्या होत्या. आमच्या कारखान्यातलं लेझर तेव्हा जेमतेम बारा मिलिमीटर कापायचं. पण प्रशिक्षण विभागाचे साहेब म्हणाले, ‘‘तक्ता बारावर संपला तर अर्धवट दिसतो. पंचवीसपर्यंत न्या की!’’ लेझर यायच्या आधी मी गॅस कटिंगमध्ये वीस वर्षं काढली होती. तिथे प्लेट जाड झाली की ऑक्सिजनचा जोर वाढवायचा, हे हातात मुरलेलं. मी टेबलाशी बसलो आणि त्याच चालीने तीन पायऱ्या चढून टाकल्या. माझ्यासारख्या भित्र्या माणसाने आयुष्यात एकदाच ठामपणा दाखवला, आणि तो नेमका तिथे.

मग ‘उद्या लिहू’ झालं, मग ‘आधी खात्री करून घेऊ’ झालं. निवृत्त माणसाने खात्री कुठे जाऊन करायची? पत्र मी पुस्तकातच एकसष्टाव्या पानावर ठेवलं आणि पुस्तक कपाटात सरकवलं. पहिलं वर्षभर ही विचारायची, ‘‘त्या बाईंना लिहिलंत का?’’ नंतर हिने विचारायचं सोडलं. बायको विचारायची थांबली की समजावं, तिला उत्तर कळलेलं आहे.

गेल्या सोमवारी सकाळी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा फोन आला. तिचं स्वतःचं कटिंगचं वर्कशॉप आहे.

‘‘मामा, मोकळे आहात का?’’

‘‘मला निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली.’’

‘‘म्हणजे मोकळे आहात. ऐका.’’

तिला कालव्यावरच्या एका पायपुलाचं काम मिळालं होतं. पूल ज्या दोरांवर लटकणार, ते दोर अडकवायचे चोवीस कान. प्रत्येक कान म्हणजे वीस मिलिमीटरच्या प्लेटचा तळहाताएवढा तुकडा, मधे एक भोक. ग्राहकाच्या इन्स्पेक्टरची अट एकच होती. कड ग्राइंडरने घासायची नाही, जशी कापली तशीच दाखवायची. अट मला पटली. घासल्याने खड्डा दिसेनासा होतो, जात नाही. आणि भार आला की तडा खड्ड्यापासूनच सुरू होतो.

‘‘दोन नमुने परत आले,’’ भाची म्हणाली. ‘‘गुरुवारी अकराला तो तिसरा बघायला येणार. तोही नापास झाला तर काम दुसरीकडे जाणार. मामा, मला कामाचं एवढं वाटत नाही. पण हे यंत्र घेतलं तेव्हा घरातल्या एकूण एक माणसाने सांगितलं होतं, जाड प्लेट तुझ्या आवाक्यातली नाही. आता सगळे खरे ठरतील, आणि मला रोज जेवताना त्यांची तोंडं बघावी लागतील.’’

‘‘यंत्राबरोबर सेटिंग येतं ना?’’

‘‘सोळापर्यंतच. पुढे लिहिलंय, प्लेट पाहून ठरवा. पण आम्हाला काय काळजी? आमच्याकडे तुमचा तक्ता आहे. एकसष्टावं पान. त्यातली काडीसुद्धा इकडची तिकडे केलेली नाही.’’

मी ‘येतो’ म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हणालो.

फोन ठेवला तर ही दारात उभी. ‘‘तेच पान ना?’’

मी चष्मा पुसायला लागलो. हिने कपाटातून पुस्तक काढलं आणि पत्रासकट माझ्या पिशवीत घातलं. ‘‘असू द्या. वाचायला तरी होईल.’’

भाचीचं वर्कशॉप म्हणजे उंच पत्र्याचं एक लांबट दालन. फरशी राखाडी रंगाची, तिच्यावर पिवळे पट्टे, आणि जिथे माणसं सारखी वळतात तिथे पट्टे झिजून गेलेले. मधोमध यंत्र. एखाद्या छोट्या खोलीएवढं, बाजूला काळपट हिरवी काच, तिच्यातून आतला लेझरचा झोत बघायचा. हवेत तापलेल्या लोखंडाचा वास. हा वास मला अजून आवडतो, पण हे मी कोणाला सांगत नाही.

यंत्र चालवणाऱ्याला सगळे पैलवान म्हणतात. त्याच्या शर्टात त्याच्यासारखा आणखी एक सहज मावेल. त्याने मला थेट यंत्राच्या कुशीशी नेलं. तिथे एकसष्टावं पान मोठं करून, प्लास्टिकमध्ये घालून लावलेलं होतं. चारी कोपऱ्यांना चार स्क्रू.

‘‘चिकटवलं नाही,’’ पैलवान म्हणाला. ‘‘म्हटलं, पडायला नको. मामा, पान तोंडपाठ आहे. खालून वर विचारा.’’

‘‘नको, नको,’’ मी म्हणालो.

भाचीने परत आलेला नमुना माझ्या हातात दिला. वरची नखभर जागा बरी होती. खाली रेघा मागे वाकल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये खड्डे. तळाला स्लॅगचे, म्हणजे वितळून थिजलेल्या लोखंडाचे, गोळे घट्ट चिकटलेले, मेणबत्तीच्या ओघळांसारखे. बाईंचा पहिला ठसा माझ्या हातात लोखंड होऊन आला होता.

मला कळलं. आणि मी म्हणालो, ‘‘नोझल काढून दाखव.’’

नोझलचं, म्हणजे ज्यातून झोत आणि ऑक्सिजन बाहेर पडतो त्या तोंडाचं, भोक एका बाजूने झिजून लांबट झालं होतं. ते बदललं. झोत नोझलच्या मधोमध येतोय का ते पाहिलं, केसभर बाजूला होता, तो मधे आणला. लेन्सवरची काच धुरकट होती, ती बदलली. मंगळवारी सकाळी प्लेटा पाहिल्या. वरच्या प्लेटवर गंजाचे पापुद्रे होते, मी तिला बाजूला ठेवायला लावलं आणि खालची स्वच्छ, एकसारख्या काळ्या सालीची प्लेट काढून घेतली. ही सगळी कामं खरी होती, हे मी माझ्या बाजूने सांगतो. कड सुधारलीही. स्लॅग कमी झाला, वरची रेघ नेटकी झाली. पण खालचे खड्डे जागचे हलले नाहीत. ते हलणार नव्हतेच, कारण ते एकसष्टाव्या पानावरून येत होते.

दुपारी चहाला भाचीने मला तिच्या काचेच्या केबिनमध्ये बसवलं आणि दार लावलं.

‘‘मामा, मी आठ वर्षांची असताना तुमची शाईची दौत सांडली होती. आठवतं? दोन दिवस मी सांगितलं नाही. नुसती आवरत होते. दप्तर आवरलं, कपाट आवरलं, सगळ्यांच्या चपला लावल्या. मामी म्हणाली, पोरगी किती गुणाची!’’

‘‘आठवतं.’’

‘‘तुम्ही कालपासून चपला लावताय.’’

मी पिशवीतून पुस्तक काढलं, पत्र काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिने वाचलं. ठसे उजेडाकडे धरून पाहिले. मग पत्र ज्यातून आलं त्या पाकिटावरचा शिक्का पाहिला.

‘‘अकरा वर्षं?’’

‘‘अकरा.’’

‘‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं. दोनदा मी त्या माणसासमोर मान खाली घालून उभी राहिले, आणि तुम्हाला माहीत होतं.’’

‘‘माहीत नव्हतं. शंका होती. मी माहीत करून घेतलं नाही.’’

‘‘त्याला काय म्हणायचं?’’

‘‘भित्रेपणा म्हणायचं,’’ मी म्हणालो. ‘‘त्या तीन ओळी मी टेबलाशी बसून लिहिल्या. यंत्रावर एकदाही करून पाहिल्या नाहीत.’’

काचेबाहेर पैलवान पान खालून वर वाचत असावा, त्याचे ओठ हलत होते. तिने त्याला आत बोलावलं आणि पत्र दिलं. त्याने ते उभ्यानेच वाचलं, दोनदा वाचलं. मग बाहेर गेला, पेचकस घेतला आणि एकेक करून चारही स्क्रू काढले. पान आणून माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवलं.

‘‘चिकटवलं असतं तर बरं झालं असतं,’’ तो म्हणाला. ‘‘लवकर निघालं असतं.’’

भाची हसली. तिला हसायचं नव्हतं, पण हसली. ‘‘बरं. उद्याचं बोला. पॉइंट सहा लावायचं?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला जरा मोठा वाटला. ‘‘ते त्यांच्या यंत्राचं सेटिंग आहे. एकाचं न तपासता घेतलं, आता दुसरीचं न तपासता घ्यायचं? उद्या करून पाहायचं. पट्ट्या कापायच्या.’’

इथून पुढे मला जमणारं काम होतं. माणसांसमोर मी अडखळतो, कडेसमोर नाही.

बुधवारी सकाळी आठला आम्ही सुरू केलं. वीतभर लांबीची एकेक पट्टी. प्रत्येकीवर खडूने आकडा. दर वेळी फक्त एक गोष्ट बदलायची. पट्टी निवली की ठसा काढायचा आणि त्याखाली सेटिंग लिहायचं. पहिली पट्टी जुन्याच अडीच बारवर.

‘‘ही तर रोजचीच,’’ पैलवान कुरकुरला.

‘‘तीच आधी हवी. कुठून निघालो ते लिहिलेलं नसेल तर कुठे पोचलो ते कसं कळणार?’’

दुसरी दीडवर, तिसरी पॉइंट नऊवर. भाचीने विचारलं, ‘‘पण मामा, कमी वाऱ्याने जाड प्लेट साफ कशी होते? डोक्यात शिरत नाही.’’

‘‘माझ्याही शिरलं नव्हतं. ऑक्सिजन इथे नुसता वारा नाही, तो लोखंड जाळतो. झोताने आखून दिलेल्या रेघेतलंच लोखंड जळावं एवढाच तो द्यायचा. जास्त दिला की तो रेघेबाहेरचंही जाळत सुटतो. तेच हे खड्डे. गॅस कटिंगमध्ये फट रुंद असते, तिथे जोर चालतो. इथे फट बारीक आहे.’’

चौथी पट्टी पॉइंट सहावर. आवाज बदलला. आधी ताडपत्री वाऱ्यात फडफडावी तसा होता, आता एकसारखा, बारीक सळसळ. पट्टी हातात घेतली. खड्डे नव्हते. एकही नव्हता. मी उजेडात फिरवून पाहिली, अंगठ्याच्या नखाने पाहिली. त्या बाई बरोबर होत्या. अकरा वर्षं मी ज्याला घाबरलो ते कळायला वीतभर लोखंड पुरलं.

पण तळाला स्लॅग अजून लटकत होता.

‘‘आता स्पीड वाढवू, झोत पण वर घेऊ, आणि नोझल मोठं लावू,’’ पैलवान हात चोळत म्हणाला.

‘‘आणि कड चांगली आली तर श्रेय कोणाला द्यायचं? तिघांना वाटून? एका वेळी एक.’’

‘‘मामा, तुम्ही मास्तर व्हायला हवे होतात.’’

‘‘वर्गासमोर उभं राहावं लागतं म्हणून झालो नाही.’’

पाचवी पट्टी प्रेशर आणखी उतरवून पॉइंट चारवर कापली. बिघडली. वितळलेलं लोखंड खाली जायलाच तयार नाही, फटीतच बसलं. म्हणजे खालची हद्द कळली. परत पॉइंट सहा. सहाव्या पट्टीला झोताचा फोकस, म्हणजे तो सगळ्यात बारीक होतो ती जागा, प्लेटच्या पृष्ठभागाच्या वर नेली. आत फट किंचित रुंद झाली आणि स्लॅगला खाली वाहायला वाट मिळाली. जे राहिलं ते ढेकळासारखं, बोटाने निघणारं.

सातव्या पट्टीला फक्त वेग थोडा कमी केला. हिरव्या काचेतून मी पैलवानाला ठिणग्या दाखवल्या. सकाळी त्या प्लेटखाली मागे पडत होत्या, धावणाऱ्या माणसाच्या उपरण्यासारख्या. आता सरळ खाली पडत होत्या. त्या सरळ पडल्या की समजावं, झोत वर आणि तळाशी एकाच वेळी पोचतोय.

सातवी पट्टी निवल्यावर मी कागद धरला आणि पेन्सिल फिरवली. कागदावर राखाडी, बारीक, उभ्या रेघा उतरल्या. भाचीने न विचारता बाईंचा दुसरा ठसा शेजारी ठेवला. पैलवान दोन्हीकडे आलटून पालटून बघत राहिला.

‘‘सख्ख्या बहिणी,’’ तो म्हणाला.

मला वाटलं झालं. जेवण करून आम्ही खरा कान कापायला घेतला, आणि पहिल्याच कानाने आमची खोड मोडली. सरळ बाजू सुरेख होत्या, पण भोकाचा एक काठ जळून फुगला होता आणि बाहेरचा एक कोपरा वितळून गोल झाला होता. तेच सेटिंग, तीच प्लेट.

दोघंही माझ्याकडे बघू लागले. तीस वर्षांपूर्वी, तक्ता लिहिताना, अशाच वेळी मी एकटा बसलो होतो आणि काहीतरी लिहून मोकळा झालो होतो.

‘‘मला माहीत नाही,’’ मी म्हणालो. फार सोपं वाक्य निघालं ते. छत कोसळलं नाही, कोणी उठून गेलं नाही.

पैलवानाने कानामागची पेन्सिल काढली. ‘‘मला वाटतं, प्लेट तापते. पट्टी एक रेघ कापून संपते. इथे आपण भोक कापतो आणि लगेच त्याच्याच बाजूने बाहेरची रेघ. इस्त्री एकाच जागी ठेवली तर कपडा जळणारच ना?’’

‘‘मग?’’ भाची म्हणाली.

‘‘मग फिरत राहायचं. आधी नुसती भोकं. एक या टोकाचं, एक त्या टोकाचं. तोवर पहिलं निवतं. बाहेरच्या रेघा नंतर, त्याही लांब लांबच्या. प्लेट पहिल्यांदा भोसकायची ती टाकाऊ भागात, तिथून सरकत कडेवर यायचं. आणि कोपऱ्यावर वळायचंच नाही. सरळ बाहेर निघून जायचं, टाकाऊ भागात एक फेरा मारायचा आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं.’’

‘‘हे तू कुठे वाचलंस?’’ मी विचारलं.

‘‘वाचलं नाही. मी मोटरसायकल अशीच वळवतो.’’

भाचीने संगणकावर मार्ग बदलून घेतला. अर्धा तास गेला. चार कान कापले, चार टोकांना. साडेपाचला पहिला निवला. पैलवानाने तो कुशीवर उभा करून तळाला हातोडीच्या दांड्याने एक टिचकी मारली आणि उरलासुरला स्लॅग एका तुकड्यात फरशीवर पडला. भोक आतून गोल, कोपरा धारदार. भाचीने कान दोन्ही हातांत घेतला, बाळ घेतात तसा, आणि लगेच ‘आई गं’ करून ठेवून दिला. अजून गरम होता.

गुरुवारी इन्स्पेक्टर अकराला पाच मिनिटं कमी असताना आला. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने भिंग काढलं, तुलनेसाठी आणलेल्या नमुन्याच्या पट्ट्या काढल्या, आणि सगळं बाजूला ठेवून आधी अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. मला तो तिथेच आवडला.

‘‘घासलंय?’’

‘‘बघा ना,’’ भाची म्हणाली. ‘‘साल अंगावर आहे.’’

कापलेल्या कडेवर जळलेल्या लोखंडाची पातळ निळसर साल असते. घासली की ती जाते आणि कड चकाकते. त्याने भिंगातून साल पाहिली, भोकाच्या आत बोट फिरवलं, मोजलं. चारही कान पाहिले. मागच्या वेळचा नापास नमुना मागवून शेजारी ठेवला.

‘‘एकाच यंत्रावरचे?’’

‘‘एकाच.’’

‘‘माणूस बदलला?’’

‘‘माणूस तोच आहे,’’ पैलवान म्हणाला. ‘‘पान बदललं.’’

इन्स्पेक्टरने सही केली. भाचीने माझ्याकडे पाहिलं नाही, पण टेबलाखाली तिने माझा हात इतका जोरात दाबला की अंगठी रुतली. मग त्याने फॉर्म पुढे सरकवला. एक रकाना रिकामा होता: ‘सेटिंग कशाच्या आधारे ठरवलं.’

भाचीने पेन माझ्या हातात दिलं.

मी पत्राची तारीख लिहिली. पुढे लिहिलं, ‘एका यंत्रचालक बाईंच्या पत्रावरून, प्रत्यक्ष चाचणी, पट्टी एक ते सात. कापण्याचा क्रम या वर्कशॉपच्या यंत्रचालकाचा.’ खाली तक्त्यातल्या तीन ओळी चूक असल्याचंही लिहिलं, आणि तक्ता कोणाचा तेही.

इन्स्पेक्टरने ते वाचलं. ‘‘या बाई कोण?’’

‘‘माझ्या वाचक.’’

‘‘त्यांना कळवलंय?’’

‘‘कळवतो आहे,’’ मी म्हणालो.

घरी आल्यावर बूट काढायच्या आधी टेबलाशी बसलो. पहिला कागद फाडला, दुसरा फाडला. तिसरा वाचून दाखवायला हिला हाक मारली. हिने ऐकून घेतलं.

‘‘माफी किती वेळा मागितलीत?’’

मी मोजली. ‘‘चार.’’

‘‘एकदा पुरे. चारदा मागितलीत तर त्या बाईंनाच तुमची समजूत काढावी लागेल. त्यांनी विचारलं काय होतं?’’

‘‘‘माझं काही चुकत असेल तर कळवावे.’’’

‘‘मग तेवढं कळवा.’’

चौथा कागद असा झाला:

‘आपलं पत्र अकरा वर्षांपूर्वी मिळालं. आपली चूक होत नव्हती, माझी होती. शेवटच्या तीन ओळी मी करून न पाहता लिहिल्या होत्या, आणि हे आपल्याला सांगण्याचं धैर्य मला आजवर झालं नाही. त्याबद्दल माफी मागतो. या आठवड्यात वीसच्या प्लेटवर आपलं प्रेशर लावून पाहिलं, कड उत्तम आली. सोबत सातव्या पट्टीचा ठसा आणि सेटिंग पाठवतो. कान कापण्याचा क्रम येथील यंत्रचालकाने शोधला, तोही वेगळ्या कागदावर त्याच्याच शब्दांत दिला आहे, मोटरसायकलसकट. पुस्तकाच्या ज्या प्रती मला सापडतील त्यांत त्या तीन ओळींवर कागद चिकटवीन. त्यावर आपलं नाव घालायची परवानगी द्यावी. पंचवीसच्या ओळीबद्दल मला अजून काही माहीत नाही. आपल्याला माहीत असल्यास कृपया कळवावे.’

शेवटचं वाक्य मी न खोडता लिहिलं, हे मी नमूद करून ठेवतो, कारण असं फारसं होत नाही.

भाचीचा फोन आला. बाकीचे वीस कान कापायला घेतले होते, मागे सळसळ ऐकू येत होती. ‘‘मामा, अकरा वर्षांत माणसं घरं बदलतात. मी फोन नंबर शोधू का?’’

‘‘आधी पत्र जाऊ दे. परत आलं तर शोधू.’’

‘‘आणि परत नाही आलं तर?’’

‘‘तर वाट बघीन. आता माझी पाळी आहे.’’

बाईंनी पाठवलेलं पाकीट अजून शाबूत होतं. त्यांच्याच अक्षरात त्यांचाच पत्ता. डिंक पिवळा पडून सुकला होता, म्हणून हिने खळ लावून ते चिकटवलं. तिकीट जुन्या दराचं. मी शेजारी नवी दोन लावली, जुनं काढलं नाही.

टपालपेटी आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. ही बरोबर आली. पाय मोकळे करायचे आहेत म्हणाली, पण चपला माझ्या आधी घालून तयार होती. मी पाकीट फटीत घातलं, जरासं धरून ठेवलं आणि सोडलं.

‘‘पडलं?’’ हिने विचारलं.

‘‘पडलं.’’